शॉर्टस्टॉपला जेटर? आणि बाकीच्या आठ जागांचं काय?

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून न्यू जर्सीत येऊन चार वर्षं झाली, बेसबॉल आता कुठे कळायला लागलंय, आणि ऑफिसात डबा खाताना रोज एकच वाद रंगतो, की नऊ जागांवरचे आजवरचे सर्वोत्तम फिल्डर कोण? सहकारी म्हणतात शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेला, यँकीजचा डेरेक जेटर, कारण त्याच्याकडे पाच गोल्ड ग्लव्ह, म्हणजे त्या जागेवरच्या सर्वोत्तम फिल्डरचे पुरस्कार, आहेत. हे बरोबर आहे का, गोल्ड ग्लव्ह मोजून हा प्रश्न सुटतो का, आणि तुमचा अकरा वर्षांचा मुलगा सेकंड बेसला खेळतो, त्याने कुणाचं बघावं?

मी मूळचा सांगलीचा. इथे बावीस हंगाम शाळकरी मुलांना इनफिल्ड, म्हणजे बेसांभोवतीची फिल्डिंग, शिकवतोय. म्हणजे काय, तर फंगो नावाची लांब, बारीक, हलकी बॅट घेऊन संध्याकाळी दीडदोनशे ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारे चेंडू, मारायचे आणि पोरांचे पाय बघायचे. हात नंतर. त्यामुळे माझं मत पायांकडे झुकलेलं आहे, हे आधीच कबूल करतो.

आधी जेटरचं बघू, कारण भांडण तिथून सुरू झालंय. तो जन्माने तुमच्या राज्यातला, पेक्वॅनॉकचा, त्यामुळे पुढचं ऑफिसात जरा जपूनच बोला.

फिल्डरच्या नावावर एरर लागते ती त्याच्या हातून सुटलेल्या चेंडूबद्दल. ज्या चेंडूपर्यंत तो पोहोचलाच नाही, तो फलंदाजाचा हिट. फिल्डरच्या खात्यावर काहीच पडत नाही. क्रिकेटमध्ये स्लिपचा माणूस दोन पावलं जास्त मागे उभा राहिला आणि झेल त्याच्यापुढे टप्पा खाऊन गेला, तर झेल सोडला असं कुणी म्हणत नाही. तसंच हे. माझ्या एका संघात शॉर्टस्टॉपसाठी दोन पोरं होती. हंगामाअखेर एकाच्या नावावर नऊ एरर, दुसऱ्याच्या दोन. दोन एररवाल्याचे वडील रोज मैदानावर येऊन मला हिशेब विचारायचे. शेवटी मी वहीत दुसराच रकाना आखला: त्याच्या डाव्या-उजव्या बाजूने, चार पावलांच्या आतून किती चेंडू गवतात गेले. वही त्यांच्यापुढे ठेवली आणि विषय संपला. नऊ एररवाला पोरगा अशा चेंडूंपर्यंत जात होता, जे दुसऱ्याला आपले वाटतच नव्हते.

जेटरचं दुखणं नेमकं हेच. त्याचे हात उत्तम, डोकं त्याहून उत्तम. 13 ऑक्टोबर 2001 ला ओकलंडमध्ये उजव्या बाजूने आलेला थ्रो चेंडू पुढे फेकायला मध्ये उभ्या असलेल्या दोन्ही माणसांच्या डोक्यावरून गेला, तेव्हा शॉर्टस्टॉपचं काहीही काम नसलेल्या जागी हा धावत आला, पळता पळता चेंडू उचलून कॅचर (आपला यष्टिरक्षक) पोसाडाकडे आडवा टाकला आणि ओकलंडचा रनर जेरेमी जियांबी होमवर, म्हणजे धाव पुरी होते त्या बेसवर, आउट. यँकीज तो सामना 1-0 ने जिंकले. असली समज शिकवून येत नाही. पण साधा ग्राउंडर दुसऱ्या बेसच्या दिशेने गेला की त्याचं पहिलं पाऊल उशिरा पडायचं. तिसऱ्या बेसकडच्या खोलगट जागेतून हवेत उडी मारून केलेला त्याचा प्रसिद्ध थ्रो दिसायला देखणा होता, पण फिल्डरने किती धावा वाचवल्या हे मोजायची जी पद्धत 2003 पासूनची आकडेवारी देते, तिच्यात तो खोल ऋणात आहे. गंमत म्हणजे 2004 मध्ये अॅलेक्स रॉड्रिगेझ यँकीजकडे आला तो शॉर्टस्टॉपचे दोन गोल्ड ग्लव्ह घेऊन. आणि तिसऱ्या बेसला सरकला कोण? रॉड्रिगेझ. त्याच वर्षी जेटरला पहिला गोल्ड ग्लव्ह मिळाला.

तर गोल्ड ग्लव्ह. 1957 पासून दिला जातो, मतं मुख्यतः मॅनेजर आणि कोच देतात, आणि 2013 पासून सुमारे पाव हिस्सा आकडेवारीला दिलाय. तो हिस्सा का द्यावा लागला, याचं उत्तर 1999 मध्ये आहे. टेक्सासच्या राफाएल पाल्मेरोला फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लव्ह मिळाला, आणि त्या हंगामात तो फर्स्ट बेसवर उभा राहिला होता फक्त 28 सामने. बाकी सगळे सामने तो नुसती फलंदाजी करत होता. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. म्हणून पुरस्कार साक्षीला घ्या, पण निकाल त्याच्यावर सोडू नका.

शॉर्टस्टॉपला माझं मत ऑझी स्मिथला. 1980 ते 1992 सलग 13 गोल्ड ग्लव्ह, ही झाली साक्ष. 1980 मध्ये सॅन डिएगोकडून खेळताना त्याने 621 असिस्ट केले, म्हणजे त्याने उचलून फेकलेल्या चेंडूवर तितके आउट होण्यात त्याचा हात होता. शॉर्टस्टॉपने एका हंगामात केलेला तो आजही विक्रम आहे. 1978 मध्ये, पहिल्याच हंगामात, अटलांटाच्या जेफ बरोजचा चेंडू त्याच्या डावीकडून निघाला. ऑझीने सूर मारला, आणि तो हवेत असतानाच चेंडू खड्ड्याला लागून उलट दिशेला, त्याच्या मागे उडाला. डावा हात ग्लव्हसकट पुढे गेलेला. त्याने उजवा, उघडा हात मागे नेऊन चेंडू धरला, उठला आणि थ्रो केला. आउट. मुलांना मी हा प्रसंग दाखवतो तेव्हा सांगतो, की उघडा हात बघू नका, तो उठला किती पटकन ते बघा.

आणखी एक, जे फारसं कुणी बोलत नाही. 1985 मध्ये ऑझीचा उजवा खांदा दुखावला आणि त्याने शस्त्रक्रिया करून घेतली नाही. पुढची सगळी वर्षं तो अधू हाताने थ्रो करत होता. म्हणजे त्याच्या 13 पैकी अर्ध्याहून जास्त गोल्ड ग्लव्ह या हाताचे. हात गेला तर वेळ कुठून आणायचा? पायातून, आणि ग्लव्हमधून बाहेर काढायच्या झटक्यातून. फलंदाजाला होमपासून पहिल्या बेसपर्यंतचे 90 फूट धावायला साधारण सव्वाचार सेकंद लागतात, आणि शॉर्टस्टॉपचा सगळा संसार त्यात आटपायचा असतो.

कुणी आकडेमोड करणारा सहकारी मध्येच मार्क बेलँजरचं नाव काढेल. काढू दे, तो बरोबर आहे. बेसबॉल-रेफरन्सच्या हिशेबात दोघांनीही जवळपास 240 धावा वाचवल्या, आणि बेलँजर ऑझीपेक्षा साडेपाचशेहून जास्त सामने कमी खेळला. दर सामन्याला मोजलं तर बाल्टिमोरचा हा काटकुळा माणूस पुढे निघतो. पण त्याची फलंदाजीची सरासरी .228, म्हणून हॉल ऑफ फेमवाल्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मी ऑझीला पुढे ठेवतो ते टिकण्यासाठी. इतकी वर्षं, कडक कृत्रिम गवतावर, त्या खांद्याने.

बेलँजरला एक सुख होतं. त्याच्या उजव्या हाताला तिसऱ्या बेसवर ब्रूक्स रॉबिन्सन उभा असायचा. या जागेवर मी वाद घालत नाही. 1960 ते 1975 सलग 16 गोल्ड ग्लव्ह, आणि इथे आकडेवारीसुद्धा मुकाट मान डोलावते: वाचवलेल्या धावा जवळपास 290, सगळ्या जागांवरच्या सगळ्या खेळाडूंत सर्वाधिक. माणूस मात्र धावायला इतका मंद, की त्याच्या फटक्यावर चार वेळा ट्रिपल प्ले, म्हणजे एका चेंडूत तीन आउट, झाला, तोही विक्रमच. तिसऱ्या बेसला लांब पळावं लागत नाही. लागतं ते दीड पाऊल, पण ते बॅटचा आवाज यायच्या आधी. आणखी एक मजा: हा माणूस लिहायचा डाव्या हाताने, थ्रो उजव्याने. म्हणजे त्याचा कसबी हात ग्लव्हमध्ये होता.

1970 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, शोधून बघा. पहिला सामना सिनसिनाटीत, कृत्रिम गवतावर खेळलेला वर्ल्ड सिरीजचा पहिलाच सामना. रॉबिन्सनने त्यात आधी एक एरर केली होती. मग सहाव्या डावात ली मेने तिसऱ्या बेसच्या रेषेवरून सणसणीत चेंडू मारला. रॉबिन्सनने बेसच्या मागे उलट्या हाताने तो अडवला. वेगाने तो रेषेबाहेर फेकला जात होता, आणि पाय बाहेरच्या दिशेला पडत असतानाच त्याने अंगावरून आडवा थ्रो केला. चेंडू एक टप्पा खाऊन फर्स्ट बेसवरच्या बूग पॉवेलच्या ग्लव्हमध्ये. मी हे पोरांना आधी थांबवून थांबवून दाखवतो आणि मग विचारतो, थ्रो करताना त्याने पहिल्या बेसकडे कधी बघितलं? उत्तर: जवळजवळ नाहीच. बेस कुठे आहे हे त्याला पाठ होतं. नोलन अॅरेनाडो आला आणि पहिल्या दहाही हंगामांत गोल्ड ग्लव्ह घेऊन गेला. उघड्या हाताने चेंडू उचलण्यात तो कदाचित ब्रूक्सच्याही पुढचा. तरी दुसराच.

सेंटर फील्डला माझ्या घरातच दोन पक्ष आहेत. बायको विली मेजची, मी अँड्रू जोन्सचा.

बायकोची बाजू सगळ्यांना माहीत असते. 29 सप्टेंबर 1954, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, आठवा डाव, 2-2. क्लीव्हलँडचे दोन रनर पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, आउट एकही नाही. विक वर्ट्झने मारलेला चेंडू सेंटर फील्डच्या त्या अवाढव्य पोकळीत, 400 फुटांच्याही पुढे गेला. मेजने पाठ फिरवली आणि कुंपणाकडे पळत सुटला. डोक्यावरून येणारा चेंडू न वळता, ओंजळ पुढे करून घेतला. लोक इथे टाळ्या वाजवून थांबतात. खरं काम पुढे आहे. झेल झाल्यावर रनर बेसला पाय लावून पुढे निघू शकतो, आणि इतक्या लांबच्या झेलावर दुसऱ्या बेसचा माणूस थेट घरी येऊ शकतो. मेज पळत्या वेगातच गर्रकन फिरला, टोपी उडाली, आणि चेंडू इनफिल्डकडे फेकला गेला. लॅरी डोबी तिसऱ्या बेसवर थांबला, अल रोझेन पहिल्यावर. धाव एकही नाही. जायंट्सनी सामना दहाव्या डावात 5-2 ने जिंकला आणि सिरीज 4-0. मेजचे 12 गोल्ड ग्लव्ह आहेत, आणि तो पुरस्कार सुरूच झाला त्याच्या या झेलानंतर तीन वर्षांनी.

आता माझी बाजू. क्युरासाओ नावाच्या टीचभर बेटावरून आलेला अँड्रू जोन्स अटलांटाकडून 1998 ते 2007 सलग दहा गोल्ड ग्लव्ह घेऊन गेला. तो उभा राहायचा इतका पुढे, की दुसऱ्या बेसच्या मागे टपकणारे चेंडू तो सहज खिशात घालायचा. डोक्यावरून जाणाऱ्यांची त्याला भीती नव्हती, कारण बॅटला चेंडू लागताच तो निघालेला असायचा. सूर क्वचित मारायचा. तिथे आधीच जाऊन उभा असायचा. त्यामुळे कॅमेऱ्यात त्याची फिल्डिंग सोपी दिसते आणि हायलाइट्समध्ये दुसरेच लोक दिसतात. याच सहजपणाने एकदा त्याचा घात केला: 1998 मध्ये एक झेलजोगा चेंडू त्याच्यापुढे आरामात पडला, तेव्हा मॅनेजर बॉबी कॉक्सने त्याला डाव चालू असतानाच मैदानाबाहेर बोलावलं. त्याच वर्षी पहिला गोल्ड ग्लव्ह. सबंध खेळाडू म्हणाल तर मेजचा हात धरणारा कुणी नाही. पण प्रश्न फिल्डिंगचा आहे, आणि वाचवलेल्या धावांच्या हिशेबात अँड्रू वर बसतो. (फिलाडेल्फियाच्या गॅरी मॅडॉक्सबद्दल म्हणायचे, की पृथ्वीचा दोन तृतीयांश भाग पाण्याने व्यापलाय आणि उरलेला मॅडॉक्सने. वादात कोंडी झाली की हे वाक्य फेका, हशा हमखास.)

राइट फील्डला थ्रो बघायचा, कारण तिथून तिसरा बेस लांब. पोर्तो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटे, पिट्सबर्गचा, 1961 ते 1972 सलग 12 गोल्ड ग्लव्ह. आउटफिल्डमधून 266 असिस्ट, पण त्याहून मोठा आकडा कुठेच लिहिलेला नाही: किती रनर त्याचा हात आठवून बेसवरच थांबले तो. 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात कोसळलं, तो 38 वर्षांचा होता. इचिरो त्याच्या जवळ येतो. 11 एप्रिल 2001 ला त्याने राइट फील्डमधून टेरेन्स लाँगला तिसऱ्या बेसवर आउट केलं, तो थ्रो जमिनीला समांतर आल्यासारखा दिसतो. हा टेरेन्स लाँग बिचारा. सहा महिन्यांनी जेटरच्या त्या करामतीत फटका मारणारा फलंदाजही हाच होता.

लेफ्ट फील्डवर फार वेळ घालवू नका. ज्याचा थ्रो कच्चा त्याला तिथे उभं करतात, ही गावोगावची रीत. बॅरी बाँड्स आठ गोल्ड ग्लव्हवाला, जमीन व्यापण्यात अव्वल, पण 1992 च्या बाद फेरीतल्या सातव्या सामन्यात सिड ब्रीमसारखा लंगडत धावणारा माणूस त्याच्या थ्रोआधी होमवर पोहोचला आणि पिट्सबर्गचा हंगाम संपला. तरी माझं मत बाँड्सलाच. बोस्टनवाला कुणी असेल तर तो फेनवे पार्कच्या 37 फुटी भिंतीवरून परतणारे चेंडू ओळखणाऱ्या यास्ट्रेम्स्कीचं नाव घेईल. घेऊ द्या.

फर्स्ट बेसला कीथ हर्नांडेझ, 1978 ते 1988 सलग 11. हे तुम्हाला क्रिकेटमधून लगेच कळेल. बंट म्हणजे फलंदाजाने बॅटला चेंडू नुसता टेकवून पुढ्यात पाडणं. तशी शंका आली की हर्नांडेझ फलंदाजाच्या इतक्या अंगावर चालून यायचा, की आपला एकनाथ सोलकर आठवावा. सोलकरने 27 कसोटींत 53 झेल घेतले ते फलंदाजाच्या बॅटखाली उभं राहून, हेल्मेटशिवाय. 1971 मध्ये ओव्हलवर अॅलन नॉटचा घेतला तो त्यातलाच. हर्नांडेझचंही तेच: समोरच्याला बॅट मोकळेपणी हलवायची चोरी. शिवाय डावखुरा, त्यामुळे चेंडू उचलून दुसऱ्या-तिसऱ्या बेसकडे फेकायला वळावं लागत नसे.

कॅचरला इवान रॉड्रिगेझ की यादिएर मोलिना? दोघेही पोर्तो रिकोचे. रॉड्रिगेझचे गोल्ड ग्लव्ह 13, आणि बेस चोरणाऱ्यांपैकी जवळपास 46 टक्के त्याने टिपले. होमपासून दुसरा बेस जवळपास 39 मीटर, आणि कॅचरला बसल्या जागेवरून उठून दोन सेकंदांच्या आत तिथे चेंडू पोहोचवायचा असतो. नुसता हात बघायचा तर तोच. मी मोलिनाला निवडतो, कारण कॅचरचं काम मुख्यतः चेंडू घेणं आहे. काठावरचा पिच, म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू, तो असा घ्यायचा, की ग्लव्ह हलला असं पंचाला वाटायचंच नाही आणि स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाविरुद्धचा कौल, मिळायचा. 2026 पासून पंचाच्या या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं, त्यामुळे या कलेचा भाव थोडा उतरेल. पिचरमध्ये ग्रेग मॅडक्स, 18 गोल्ड ग्लव्ह, सर्वांत जास्त. चेंडू टाकून झाला की तो तोल सावरून ग्लव्ह पुढे करून तयार उभा. पण रनर त्याच्यावर भरपूर बेस चोरायचे, हे त्याचे भक्त सांगत नाहीत.

सेकंड बेस मुद्दाम शेवटी ठेवला, तुमच्या मुलासाठी. रॉबर्टो अॅलोमारचे दहा गोल्ड ग्लव्ह आहेत, सूर मारण्यात तो राजा. मुलाला मात्र बिल मॅझेरोस्की दाखवा. आठ गोल्ड ग्लव्ह, पिट्सबर्ग, क्लेमेंटेचा साथी. जगाला तो माहीत आहे 1960 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यातल्या शेवटच्या होमरनमुळे. त्याच सामन्यात, त्याच फोर्ब्स फील्डच्या दगडासारख्या इनफिल्डवर, एक ग्राउंडर उसळून यँकीजच्या टोनी कुबेकच्या गळ्यावर बसला होता. मॅझेरोस्की त्याच जमिनीवर वर्षानुवर्षं खेळला, आणि सेकंड बेसवरून 1,706 डबल प्ले (एका चेंडूत दोन आउट) करून गेला. 1966 च्या एकाच हंगामात 161. दोन्ही विक्रम.

डबल प्लेत शॉर्टस्टॉपकडून चेंडू घ्यायचा, पाय बेसला, आणि घसरत अंगावर येणारा रनर चुकवून पहिल्या बेसकडे फेकायचा. पंचवीसएक वर्षांचा धडधाकट माणूस पायावर आदळणार हे माहीत असताना. 2016 पासून नियमाने असं अंगावर घसरायला आळा बसलाय, त्याच्या काळी तो नव्हता. मॅझेरोस्की जागचा हलत नसे. आणि चेंडू त्याच्या ग्लव्हमध्ये थांबतच नसे. लहान, ताठ ग्लव्ह, तो मिटायचाच नाही. चेंडू तळव्याला लागून उजव्या हातात उडायचा. म्हणून त्याचं टोपणनाव पडलं 'नो हँड्स', बिनहाताचा.

हे घरी करता येतं. तयार फोमची पाटी मिळते, पण मी माझ्या जुन्या रबरी स्लिपरला मागून इलॅस्टिकचा पट्टा शिवून घेतला होता. पोरं आधी फिदीफिदी हसली. डाव्या तळहाताला स्लिपर बांधायची आणि दहा पावलांवरून हलका चेंडू टाकायचा. स्लिपर चेंडू पकडू शकत नाही, त्यामुळे उजवा हात आपोआप शेजारी येऊन थांबतो. छातीसमोर घ्यायचा, पोटाशी नाही. रोज तीस चेंडू, दोन आठवडे. मग खरा ग्लव्ह, सव्वाअकरा इंचाचा. दुकानदार 'वाढत्या अंगाचा' म्हणून बाराचा गळ्यात मारेल, घेऊ नका, मोठ्या खिशात चेंडू शोधावा लागतो. चेंडू नीट लागला की स्लिपरवर 'टक' असा कोरडा आवाज येतो. 'थप्प' असा आला तर समजा, पोरगा अजून झेल घ्यायला बघतोय.